करण, कर्ता आणि फळ : यंत्रयुगातील कर्मविचार

मनुष्याची योग्यता त्याच्या कामावरून ठरते की कामापूर्वीच ती त्याच्या ठायी असते, हा धर्मविचारातील जुना प्रश्न आहे. आणि ज्या काळात यंत्रे ओझी उचलण्यापुरती न राहता पत्रे लिहितात, हिशेब तपासतात, क्ष-किरण चित्रे वाचतात आणि कोणाला कर्ज द्यावे याचा कौलही देतात, त्या काळात तो नव्याने निकडीचा झाला आहे. किती नोकऱ्या जातील आणि किती नव्या निर्माण होतील ही चर्चा अर्थशास्त्राची असून तिचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. परंतु काम कशाला म्हणावे, त्याचा कर्ता कोण आणि त्याच्या फळावर हक्क कोणाचा, हे त्या चर्चेने गृहीत धरलेले प्रश्न तत्त्वज्ञानाचे आहेत. भगवद्गीतेपासून बसवेश्वरांच्या कायकविचारापर्यंत आणि लोकमान्य टिळकांपासून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांपर्यंत या प्रश्नांची जी चिकित्सा झाली, तिच्यातले काय आज हाताशी घेण्यासारखे आहे आणि काय बाजूला ठेवणे भाग आहे, हे पाहणे हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

यंत्र आणि दास्य यांचा संबंध स्पष्ट शब्दांत मांडणाऱ्या आरंभीच्या विचारवंतांत ॲरिस्टॉटलची गणना करावी लागते. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातील आपल्या राज्यशास्त्रविषयक ग्रंथात त्याने असे म्हटले आहे की, धोटा आपोआप विणू लागला आणि तंतुवाद्य आपोआप वाजू लागले, तर कारागिराला हाताखालच्या माणसांची आणि धन्याला गुलामांची गरज उरणार नाही. त्याच्या दृष्टीने ही अशक्य कोटीतली गोष्ट होती. इचलकरंजीत किंवा भिवंडीत ती आज डोळ्यांनी पाहता येते. साध्या यंत्रमागावर धोट्यात सुताची कांडी बसवलेली असते, ती संपली की माग थांबवून नवी घालावी लागते. तुटलेला धागा जोडणे, कांडी बदलणे आणि कापडावर नजर ठेवणे या धांदलीत एक कामगार मोजकेच माग सांभाळू शकतो, आणि कांड्या भरण्यासाठी वेगळी माणसे लागतात. रेपियर किंवा एअरजेट पद्धतीच्या बिनधोट्याच्या मागावर आडवा धागा थेट कोनावरून ओढला जातो, त्यामुळे कांडीही नको आणि ती भरणाराही नको, आणि एका माणसाच्या देखरेखीखाली अधिक कापड निघते. ॲरिस्टॉटलच्या कल्पनेतला धोटा आपोआप चालायचा होता. येथे तो नाहीसाच झाला. तरीही कांडी भरणाऱ्याच्या वाट्याला त्यातून मोकळीक आली नाही, त्याचा रोजगार तेवढा गेला. परावलंबनाचे कारण केवळ श्रमाच्या गरजेत नसते, ते साधनांच्या मालकीतही असते. म्हणून श्रमाची गरज संपली तरी मालकीचा प्रश्न जागच्या जागी राहतो, हे ॲरिस्टॉटलच्या मांडणीत आले नाही.

हाच धडा विसाव्या शतकातील एका प्रसिद्ध भाकितातूनही मिळतो. अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी १९३० साली, जागतिक मंदीच्या सुरुवातीच्या काळात, असा अंदाज वर्तवला होता की शंभर वर्षांत प्रगत देशांतील राहणीमान चार ते आठ पटींनी वाढेल आणि आठवड्याला १५ तास काम केले तरी माणसाचे भागेल. यांपैकी संपत्तीविषयीचा भाग बराचसा खरा ठरला, पण वेळेविषयीचा ठरला नाही. उत्पादकता, म्हणजे एका तासाच्या श्रमातून निघणारे उत्पादन, वाढत गेली. मात्र वाढलेल्या उत्पादनाचा मोठा वाटा नव्या गरजांकडे आणि भांडवलाच्या परताव्याकडे वळला, आणि श्रमिकाला मिळायचा मोकळा वेळ मागे पडला. यंत्र वेळ वाचवते. तो वाचलेला वेळ कोणाच्या पदरात पडावा हे मात्र समाजाला ठरवावे लागते, आणि ते ठरवणे हा नीतीचा विषय आहे.

या नीतिविचारासाठी गीतेच्या अठराव्या अध्यायातील एक विश्लेषण विशेष उपयोगी पडते. कोणतेही कर्म सिद्धीस जाण्यासाठी पाच कारणे लागतात असे तेथे म्हटले आहे : अधिष्ठान, म्हणजे कर्म ज्याच्या आधाराने घडते ते शरीर किंवा स्थान, कर्ता, करण, म्हणजे ज्यांच्या साहाय्याने कर्म होते ती साधने, नाना प्रकारच्या चेष्टा, म्हणजे व्यापार, आणि पाचवे दैव. ‘सर्व काही मीच केले’ या अहंकाराचा निरास करणे हा त्या प्रतिपादनाचा मूळ हेतू आहे, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. तथापि त्याच मांडणीतून दुसरेही एक तत्त्व निघते : करण कितीही समर्थ झाले तरी ते कर्त्याच्या जागी बसत नाही. कुऱ्हाड, माग आणि संगणकीय प्रणाली या तिन्हींच्या सामर्थ्यात प्रचंड अंतर असले, तरी हेतू ठरवणे आणि परिणामाचा दोष पत्करणे या दोन गोष्टी तिन्हींपैकी कोणालाही करता येत नाहीत.

सध्याच्या व्यवहारात या भेदाची गल्लत नेमकी कोठे होते, हे घरपोच सेवा देणाऱ्या ॲपवर काम करणाऱ्या तरुणाच्या दिनक्रमात दिसते. कोणती ऑर्डर कोणाला द्यायची, तिचे किती पैसे द्यायचे, इन्सेन्टिव्ह मिळण्यासाठी किती फेऱ्या पुऱ्या व्हाव्या लागतात, हे सर्व प्रणाली ठरवते. ग्राहकाने दिलेल्या रेटिंगची सरासरी घसरली किंवा तक्रार नोंदली गेली की त्याचा आयडी ब्लॉक होतो, आणि ज्याच्याकडे दाद मागावी असा मुकादम किंवा साहेब समोर नसल्यामुळे तो ॲपमधील मदतीच्या खिडकीत टाइप करीत बसतो आणि तेथून ठरावीक साच्याची उत्तरे येत राहतात. गिरणीतला जॉबर, म्हणजे मुकादम, कितीही जुलमी असला तरी तो दिसत असे, त्याच्यापुढे उभे राहून भांडता येत असे आणि युनियनला त्याचे नाव घेता येत असे. येथे निर्णय माणसांनीच घेतलेला असतो. नियम लिहिणारे, नफ्याचे उद्दिष्ट ठरवणारे आणि त्याला मान्यता देणारे कर्ते असतातच, पण ते करणाच्या आड उभे असतात. ‘सिस्टिमने केले’ हे वाक्य कर्मविचाराच्या दृष्टीने अर्थशून्य आहे, कारण ज्याला पश्चात्ताप होऊ शकत नाही आणि ज्याच्याकडून भरपाई मागता येत नाही, त्याला कर्ता म्हणताच येत नाही. माणसाच्या उपजीविकेवर परिणाम करणारा प्रत्येक निर्णय कोणत्या तरी माणसाच्या नावावर असला पाहिजे, हा या विश्लेषणातून निघणारा पहिला निष्कर्ष होय.

दुसरा प्रश्न फळाचा. कर्मावर अधिकार आहे, फळावर नाही, हा गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील उपदेश मराठी घराघरांत पोहोचलेला आहे, आणि त्याचा गैरवापरही तितकाच सर्वत्र होत आला आहे. हा उपदेश कर्म करणाऱ्याच्या अंतःकरणाला उद्देशून आहे. फळाच्या आशेने चित्त डळमळू नये आणि अपयशाच्या भीतीने हात आखडू नये, एवढेच त्याचे प्रयोजन आहे. दुसऱ्याच्या श्रमाचे फळ स्वतःकडे ठेवून घेणाऱ्याला त्यातून कसलाही परवाना मिळत नाही. ग्रामीण आरोग्यव्यवस्थेचा भार वाहणाऱ्या आशा स्वयंसेविका घरोघरी फिरून गरोदर स्त्रियांच्या नोंदी ठेवतात, लसीकरणाला मुले आणतात, मोबाइलवर माहिती भरतात. परंतु त्यांच्या कामाला नोकरीचा दर्जा नसून त्यांना वेतनाऐवजी मानधन आणि कामागणिक मोबदला मिळतो. सेवाभावाचे कौतुक जेव्हा वेतन नाकारण्याच्या कामी येते, तेव्हा निष्काम कर्माचा उपदेश ऐकण्याची गरज खरे पाहता देणाऱ्याला असते.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायातील यज्ञचक्राची कल्पना या बाबतीत अधिक रोखठोक आहे. अन्न, पाऊस, यज्ञ आणि कर्म यांची एक साखळी तेथे वर्णिलेली आहे, आणि त्या साखळीतून घेऊन तिला काहीच परत न देणाऱ्याला चोर म्हटले आहे. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त टिळकांनी यज्ञाचा हा व्यापक अर्थ आणि लोकसंग्रह, म्हणजे समाजाचे धारण-पोषण करून त्याला सन्मार्गावर ठेवणे, ही कल्पना कर्मयोगाच्या केंद्रस्थानी आणली. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ज्या प्रणाली आज भाषा लिहितात आणि चित्रे काढतात, त्या असंख्य लोकांनी लिहिलेल्या मजकुरावर, काढलेल्या चित्रांवर आणि तासन्‌तास बसून केलेल्या वर्गीकरणाच्या कामावर घडवलेल्या आहेत. म्हणजे त्यांचे सामर्थ्य हे सामाईक साठ्यातून आलेले आहे. त्या साठ्यातून मिळालेल्या नफ्याचा अंश समाजाकडे परत जाणे याला उपकार किंवा दानधर्म समजण्याचे कारण नाही. यज्ञचक्राच्या भाषेत ती परतफेड आहे आणि ती चुकवणे ही चोरी आहे.

येथवर गीतेची साथ मिळते. स्वधर्माच्या प्रश्नावर मात्र थांबून विचार करावा लागतो. स्वतःच्या नियत कर्माने ईश्वराची पूजा करावी, परक्याचा धर्म सोयीचा दिसला तरी पत्करू नये, या उपदेशाला चातुर्वर्ण्याची चौकट होती. टिळकांनी त्या चौकटीला तत्कालीन समाजरचनेचे उदाहरण मानून तत्त्व वेगळे काढण्याचा प्रयत्न केला, तरी प्रत्यक्ष समाजात जन्म, धंदा आणि प्रतिष्ठा ही तिन्ही एकाच दाव्याला बांधली गेली. डॉ. आंबेडकरांनी १९३६ सालच्या ‘जातिनिर्मूलन’ या निबंधात दाखवून दिले की जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची उतरंड लावणारी विभागणी आहे. त्याच निबंधातील एक मुद्दा सहसा उद्धृत होत नाही, पण आजच्या चर्चेत तो सर्वाधिक मोलाचा आहे : उद्योगधंद्यांत सतत उलथापालथ होत असते, माणसाला धंदा बदलण्याची मोकळीक नसेल तर तो उपाशी मरेल, आणि जात ही मोकळीक नाकारीत असल्यामुळे ती बेकारीचे थेट कारण ठरते, असे त्यांनी तेथे म्हटले आहे. तंत्रज्ञान बदलले की नवे कौशल्य शिकावे, हा सल्ला आज सर्रास दिला जातो. पण शिकण्यासाठी लागणारा वेळ, पैसा, भाषा आणि ओळखीपाळखी यांची वाटणी ज्या समाजात जन्माने झालेली आहे, तेथे हा सल्ला काहींच्याच उपयोगी पडतो.

कामाचे गौरवीकरण किती दूर नेता येते याची मर्यादा संतपरंपरेच्या इतिहासातच नोंदलेली आहे. अरणचे सावता माळी, तेरचे गोरा कुंभार, नरहरी सोनार, सेना न्हावी यांनी आपापला धंदा न सोडता भक्ती केली आणि त्या धंद्यातली परिभाषा अभंगांत आणली, हे वारकरी संप्रदायाचे मोठे देणे आहे, कारण त्यामुळे मळा आणि चाक ही देवघराच्या बरोबरीने आली. परंतु त्याच परंपरेतील चोखामेळा मंगळवेढ्यात गावकुसाचे बांधकाम करताना भिंत कोसळून इतर मजुरांसह दगावले, असे परंपरा सांगते. सावतोबांचा मळा आणि चोखोबांची भिंत यांना एकाच श्रमप्रतिष्ठेच्या मापाने मोजणे हा अन्याय ठरेल. एकाने ज्या कामात देव पाहिला ते त्याच्या हातात होते, दुसऱ्याच्या अंगावर मात्र काम लादलेले होते.

याच मंगळवेढ्याशी बाराव्या शतकात बसवेश्वरांचा संबंध आला; कलचुरी राजा बिज्जलाच्या सेवेत त्यांच्या कारकिर्दीची सुरुवात तेथे झाली असे मानले जाते. त्यांच्या शरणचळवळीने मांडलेला कायकविचार दोन अंगांचा आहे. कायक म्हणजे प्रामाणिकपणे केलेले, कोणत्याही प्रतवारीत न बसवलेले श्रम. आणि दासोह म्हणजे त्या श्रमातून मिळालेले समाजाला वाटून देणे. शरणसाहित्यातील एक कथा या विचाराचा गाभा उलगडते. सांडलेले तांदूळ वेचून आणणे हे मारय्याचे कायक होते. एके दिवशी त्याने नेहमीपेक्षा जास्त तांदूळ आणले, तेव्हा त्याची पत्नी लक्कम्मा हिने ही हाव कशासाठी असे विचारून जादा तांदूळ जेथून आणले तेथे परत टाकून येण्यास त्याला भाग पाडले. या कथेत कामाला मान आहे, पण अमर्याद कमाईला नाही. आणि वाटून घेण्याची जबाबदारी कामापासून वेगळी काढता येत नाही. यंत्रामुळे जेव्हा एका हाताला हजार हातांचे पीक मिळते, तेव्हा लक्कम्माचा प्रश्न त्या हाताला विचारणे अपरिहार्य होते.

यंत्राविषयी गांधी आणि आंबेडकर यांच्यात जो मतभेद होता त्याकडेही या दृष्टीने पाहता येते. १९०९ सालच्या ‘हिंद स्वराज’मध्ये गांधींनी यंत्राधिष्ठित संस्कृतीवर कठोर टीका केली, पुढे मात्र आपला विरोध यंत्राला नसून यंत्राच्या हव्यासाला आहे असे स्पष्ट करून त्यांनी शिवणयंत्राला अपवाद मानले, कारण त्याच्या मुळाशी एका माणसाच्या कष्टांविषयीचे प्रेम होते. आंबेडकरांची भूमिका याहून वेगळी होती : पशुवत् श्रमातून सुटका झाल्याशिवाय माणसाला फुरसत मिळत नाही आणि फुरसतीवाचून संस्कृती निर्माण होत नाही, म्हणून यंत्र हवेच, त्याच्या दुष्परिणामांचा दोष यंत्राचा नसून त्याचा लाभ मूठभरांच्या हाती ठेवणाऱ्या समाजरचनेचा आहे. पिढ्यान्‌पिढ्या इतरांची घाण उपसणाऱ्यांच्या बाजूने पाहिले असता आंबेडकरांचा युक्तिवाद अधिक सबळ ठरतो, तर गांधींनी लावलेली कसोटी, म्हणजे यंत्र कोणाच्या कष्टांकडे पाहून आणले गेले, ही त्या युक्तिवादाला पूरक आहे.

ही कसोटी आज लावली की एक विपरीत चित्र दिसते. हाताने मैला साफ करण्यास १९९३ आणि पुन्हा २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. गटारात उतरून मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबांना द्यावयाची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली १० लाख रुपये ठरवली आणि २०२३ साली ती ३० लाखांवर नेली. मॅनहोलमध्ये माणसाऐवजी उतरणारी यंत्रे देशात तयार होतात, तरी गुदमरून मरणाऱ्यांच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. याउलट भाषांतर, चित्रकला, हिशेब, ग्राहकसेवा या क्षेत्रांत यंत्रे झपाट्याने शिरतात. कारण उघड आहे : जेथे मजुरी वाचते तेथे यंत्र आधी जाते, आणि ज्याचा जीवच स्वस्त धरला गेला आहे त्याची मजुरी वाचवण्यात कोणाला फायदा नसतो. बाजार यंत्राला जी दिशा देतो ती दुःखाच्या मापाने ठरत नाही. ती दिशा देण्याचे काम म्हणूनच कायद्याला आणि लोकमताला करावे लागते.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. योग्यता कामाशी बांधलेली नाही असे मानले, तर माणसे आळशी होतील आणि जगण्यातला अर्थच हरवेल, असे म्हटले जाते. या आक्षेपात तथ्यांश आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, तेव्हा गिरणगावाने पगाराबरोबर पाळ्यांच्या भोंग्यावर चालणारा दिवस, खानावळी, भजनी मंडळे आणि व्यायामशाळा यांनी गुंफलेले एक जगही गमावले. तथापि यावरून सिद्ध होते ते इतकेच की माणसाला कृतीची, सहवासाची आणि आपण कोणाच्या तरी उपयोगी पडतो या जाणिवेची गरज असते. या गरजा भागवण्याचा नोकरी हा एकमेव मार्ग आहे असे सिद्ध होत नाही. कामगारनेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी १० जून १८९० पासून गिरणी कामगारांना रविवारची साप्ताहिक सुटी मिळाली, ती केवळ झोप काढण्यासाठी नव्हती. आठवड्यातील एक दिवस समाजाच्या कामासाठी मिळावा हा तिच्यामागचा विचार होता. भारतीय संविधानाच्या ४३व्या अनुच्छेदातही निर्वाहवेतनाबरोबर फुरसतीचा पूर्ण उपभोग आणि सामाजिक-सांस्कृतिक संधी यांचा उल्लेख आहे. म्हणजे फुरसत ही कामाची उणी बाजू नसून नागरिकाच्या प्रतिष्ठेचा भाग आहे, ही गोष्ट राज्यघटनेने मार्गदर्शक तत्त्व म्हणून आधीच स्वीकारलेली आहे.

या तत्त्वांना व्यवहारात उतरवण्याचा अनुभवही महाराष्ट्राला आहे. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने आकाराला आलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ च्या कायद्याने बळ दिले आणि मागेल त्याला काम देणे ही शासनाची जबाबदारी ठरवली. २००५ साली देशपातळीवर झालेल्या कायद्याला त्याच अनुभवाचा आधार होता. ती हमी खडी फोडण्याच्या आणि बंधारे बांधण्याच्या युगातली होती; आज कामाचे स्वरूप बदलत आहे. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशातील गिग कामगारांची, म्हणजे कायम नोकरीऐवजी कामागणिक मोबदला घेणाऱ्यांची, संख्या २०२०-२१ मध्ये ७७ लाख होती आणि २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाखांवर जाईल असा अंदाज आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने अशा कामगारांची व्याख्या केली आणि त्यांच्यासाठी ॲप चालवणाऱ्या कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के अंशदान द्यावे अशी तरतूद केली. दासोहाच्या कसोटीवर हा वाटा लहान आहे, पण सामाईक साठ्यातून घेणाऱ्याने परत दिले पाहिजे हे तत्त्व त्यात कायद्याच्या भाषेत मान्य झाले आहे.

सारांश, यंत्रयुगातील कामाची चिकित्सा तीन कसोट्यांवर करावी लागेल. उपजीविकेवर घाला घालणाऱ्या निर्णयाला नाव-गाव असलेला कर्ता आहे काय. यंत्राने वाढवलेल्या फळाचा वाटा ते फळ ज्यांच्या श्रमातून उगवले त्यांच्यापर्यंत पोहोचतो काय. आणि यंत्र सर्वांत आधी सर्वांत जाचक काम हाती घेते काय. माणसाची किंमत त्याच्या धंद्यावरून करण्याची सवय या देशाने जातीच्या रूपाने भोगलेली आहे. नोकरी गेलेल्या माणसाला निरुपयोगी ठरवणारा समाज तीच चूक नव्या नावाने करतो. जोवर गटारात माणूस उतरतो आणि यंत्र ग्राहकांना उत्तरे देत बसते, तोवर त्या समाजाला प्रगत म्हणण्याचे कारण नाही.